सहा नळ्यांचा फोर्तुनातो

फोर्तुनातोला शेवटी शेवटी घरापर्यंतच्या पायऱ्या चढायला अर्धा तास लागायचा. अठ्ठेचाळीस पायऱ्या. खाली खाणीच्या दारात त्याच्या बहिणीची, प्रिमितिवाची, आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, विकायची गाडी आणि वर त्याचं घर. बारा पायऱ्या झाल्या की थांबायचा, भिंतीला टेकायचा, आणि वरून कुणी उतरत आलं की असं दाखवायचा की डोंगराकडं बघतोय. छप्पन्न वर्षं तोच डोंगर. लोकांना सगळं कळायचं. लोक पण थांबायचे न् म्हणायचे, "काय फोर्तुनातो, डोंगर आहे ना जागेवर?" तो म्हणायचा, "आहे बाबा. मी लक्ष ठेवून आहे म्हणून आहे."

सतराव्या वर्षी खाणीत गेला तो. सत्तावीस वर्षं ड्रिल मशीन धरलं, कोरड्या दगडात, तोंडाला फडकं बांधून. फडक्यानं काय होतंय. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं की फुप्फुस सत्तर टक्के दगड झालंय. फोर्तुनातो तो कागद घेऊन आला आणि म्हणाला, "तीस टक्के अजून माणूस आहे." त्याचं बोलणं कायम असं. बायको लवकर गेली, पोरगा लिंबेर्त नऊ वर्षांचा होता तेव्हा. नंतर घरात दोघंच, बाप आणि पोरगा, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो उकडायचा आणि खायचा.

पण खाण सांगायची नाही मला. खाण काय, सगळ्यांचीच असते इथं. सांगायचं ते त्याच्या सिकूचं.

सिकू म्हणजे बोरूच्या नळ्या एकाला एक बांधलेल्या, ओठाला लावून फुंकायच्या. पण एक सिकू एकट्याचा नसतो. त्याचे दोन भाग, दोन माणसांकडं. सहा नळ्यांचा भाग तो इरा, तो पुढं चालतो. सात नळ्यांचा आर्का, तो मागून येतो. एका सुरानंतरचा सूर दुसऱ्याकडं. तुझा एक, माझा एक, तुझा एक, माझा एक, असं करत चाल पुढं जाते. एकट्यानं वाजवलं तर दात पडलेला म्हातारा बोलतोय असं वाटतं. आणि त्यात एक सोय असते. एक फुंकतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. एवढ्या उंचावर, मिरवणुकीत चार चार तास चालत चालत, नाहीतर कुणाची छाती पुरणार आहे?

वस्तीतल्या वाजवणाऱ्यांच्या ताफ्याच्या म्होरक्यानं फोर्तुनातोला एकोणिसाव्या वर्षी इरा दिला. का, तर हा उद्धट, सगळीकडं पुढं घुसणारा. आणि साबिनोला आर्का दिला, कारण साबिनो विचारल्याशिवाय बोलायचा नाही. दोघांची जोडी लावून दिली. जोडी एकदा लागली की लागली, ती बदलत नाहीत. पुढं साबिनोनं प्रिमितिवाशी लग्न केलं. फोर्तुनातो म्हणायचा, "याला माझ्यामागं चालायची सवयच लागली, घरापर्यंत आला." साबिनो नुसता हसायचा.

एकतीस वर्षं दोघं प्रिमितिवाच्या स्वैपाकघरात बसून सराव करायचे, ती बटाटे सोलत असायची. त्यांची स्वतःची म्हणून एक चाल होती. पहाटे तिसरी पाळी सुटते, माणसं बोगद्यातून उजेडात येतात, डोळे मिटून उभी राहतात जरा वेळ, तेव्हाची. दोघांनी चोविसाव्या वर्षी बांधली ती, खाणीच्या तोंडाशी बसून. ताफ्यातल्या दुसऱ्या कुणाला ती नीट यायची नाही. त्यात मध्ये एक अडखळल्यासारखं आहे, ते दुसऱ्यांचं कायम चुकायचं.

फेब्रुवारीत, कार्निव्हल होऊन आठ दिवस झाले नसतील, साबिनो गेला. त्याचं पण छातीचंच. आमच्याकडं वाजवणाऱ्याच्या हातात त्याचा भाग देऊन पुरतात. प्रिमितिवानं त्याच्या मफलरीत गुंडाळलेला सिकू आणला, पेटीत त्याच्या हातांखाली सारला, आणि झाकण लावा म्हणाली. फोर्तुनातो शेजारीच उभा होता. त्याला म्हणायचं होतं की थांब, एकदा बघू दे. म्हणाला नाही. बहिणीचं तोंड बघून कुणीच काही म्हणालं नसतं.

त्या दिवसापासून त्यानं सिकू खुंटीला लावला.

आता लिंबेर्त. तो दिवसा मिनिबस चालवतो, वस्ती ते ओरुरो शहर, ओरुरो ते वस्ती. केस कंबरेपर्यंत. आणि त्याचा हेवी मेटलचा बँड, नाव एस्तान्यो, म्हणजे कथील. त्यातलं पावर मेटल म्हणतात ते. ड्रम इतके जोरात की भांडी फडताळात नाचतात, गिटार धावतच असते, आणि गाणारा इतका वर जातो की कुत्री उठतात. आधी ते अजगर आणि तलवारींची गाणी म्हणायचे. फोर्तुनातो विचारायचा, "अरे, तू अजगर बघितलायस का कधी?" लिंबेर्त म्हणायचा, "बाबा, ती कल्पना असते." "मग बघितलेलं गा की. मिनिबसचं गा." हसण्यावारी नेलं तेव्हा, पण पोराच्या डोक्यात राहिलं असणार. कारण त्यांचा पहिला अल्बम ठरला तो सगळा इथलाच. चरांगोची छोटी गिटार, मोठा ढोल, जुन्या चाली, आणि त्याच्यावर मेटल. नाव ठेवलं 'तिसरी पाळी'.

आठ गाण्यांतली सात झाली. ती त्यानं बापाला ऐकवली एकदा, पायऱ्यांवर बसून, मोबाइलवर. एका गाण्यात तो जाडा आवाज येतो ना, घशातून खरडल्यासारखा. फोर्तुनातो म्हणाला, "हा कोण? हा तर आमच्या दवाखान्याच्या रांगेतला आहे. याला पण सत्तर टक्के दिलेत का?"

"बाबा, आठवं गाणं तुमचं आहे."

"माझं काय?"

"तुमची आणि साबिनोकाकांची चाल. तुम्ही वाजवा, आम्ही मागं उभे राहतो."

"माझ्याकडं अर्धी आहे, लिंबेर्त. अर्धी जमिनीत आहे."

पोरानं मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही आता बारा पायऱ्यांना थांबता. मागच्या वर्षी सोळाला थांबायचात."

हे त्यानं मोजलं होतं, हे फोर्तुनातोला माहीत नव्हतं. ते लागलं त्याला. खरं होतं ते. दर महिन्याला श्वास आखूड होत चाललेला. ऑगस्ट होता. नोव्हेंबरात सर्व संतांचा सण, मेलेली माणसं घरी जेवायला येतात तो, आला की सिकू बंद, तेव्हापासून पावसाळ्याची वाद्यं, आणि सिकू परत हातात घ्यायचा तो पुढल्या कोरड्या दिवसांत. पुढल्या कोरड्या दिवसांपर्यंत तीस टक्के पुरणार नव्हते. चाल दोघांना यायची. एक गेला. दुसरा गेला की ती झाली, संपली, जशी कधी नव्हतीच. तेवढं त्याला नको होतं. बाकी कशाचं काही नव्हतं त्याला, घराचं नाही, कशाचं नाही. चाल पुरी कुठंतरी राहावी एवढंच.

मग एका गुरुवारी तो पोराच्या मिनिबसमध्ये पुढल्या सीटवर बसून ओरुरोला गेला.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एका टायरच्या दुकानामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. तिथं ग्रोवेर म्हणून एक माणूस, मशीन सांभाळणारा, कायम चणे खाणारा. तो म्हणाला, "काका, एकदम सोपं आहे. आधी इरा वाजवा, मी धरून ठेवतो. मग आर्का वाजवा, तो वर चढवतो. दोन्ही तुम्हीच. जोडीदार लागतोच कुठं?"

दुसऱ्या कुणाचा तरी आर्का आणून ठेवला होता. तो फोर्तुनातोच्या इराशी जुळेना, जरा खाली होता. बोरूला पिळून वर नेता येत नाही. मग फोर्तुनातोनं खिशातून मक्याचे दाणे काढले आणि एकेका नळीत टाकायला लागला, दोन इथं, तीन तिथं, तळ वर आला की सूर वर येतो. ग्रोवेर बघत राहिला. "काका, हे तर मी खायला आणलं असतं."

इरा वाजवला. मध्ये मध्ये दम खात, पण वाजवला. मग कानाला हेडफोन लावून आर्का हातात घेतला. कानात त्याचाच इरा वाजतोय. इराचा सूर आला, गेला, आता आर्काचा सूर, आणि फोर्तुनातोनं श्वास घेतला.

"काका, वाजवा की."

"हो."

परत. इराचा सूर, मग आर्काची जागा आली, आणि छाती आपोआप वर. श्वास आत. सदतीस वर्षं त्या जागेवर साबिनो फुंकायचा आणि हा श्वास घ्यायचा. ओठ नळीला लावलेले, बोटं बरोबर, सूर माहीत, आणि फुंकायच्या वेळेला छाती आत ओढतेय. आठ वेळा केलं. नवव्या वेळी रागानं श्वास कोंडून फुंकायला गेला तर डोळ्यापुढं काळं झालं आणि तो गादीच्या भिंतीला धरून खाली बसला.

लिंबेर्तनं पाणी आणलं. ड्रमवाला, त्याला सगळे जाड्याच म्हणतात, तो पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला.

ग्रोवेर म्हणाला, "राहू द्या काका. मी तुमचेच सूर कापून, वर खाली करून आर्का बनवतो. मशीन करेल." आणि अर्ध्या तासात केलं पण त्यानं. ऐकवलं. सगळे सूर जागच्या जागी.

"कसं आहे?"

"चांगलं आहे," फोर्तुनातो म्हणाला. "फक्त हा जो वाजवतोय, त्याला छातीच नाहीय. याच्याबरोबर मी नाही चालणार."

परत येताना मिनिबसमध्ये लिंबेर्त म्हणाला, "गाणं काढून टाकतो. सात पण पुष्कळ झाली." फोर्तुनातोनं मान हलवली. दमला होता तो. नुसता छातीनं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली गाडीवर आला. तिसरी पाळी सुटलेली, माणसं रांगेत, धुळीनं पांढरी. प्रिमितिवानं न विचारता आपीचा पेला त्याच्या हातात दिला, वर एक तळलेला पुरीसारखा पापुद्रा.

"झालं का शहरातलं?"

"नाही झालं."

"का? पोरांच्या गोंगाटात तुझं ऐकू आलं नाही?"

"मला आर्का वाजवता येत नाही, प्रिमी. साबिनो जिथं फुंकायचा तिथं मी श्वास घेतो. छाती ऐकतच नाही."

ती ढवळत होती. ढवळणं थांबलं. रांगेतला एक म्हणाला, "वहिनी, आपी खाली लागतेय." ती ऐकेना. मग एकदम पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "जा सगळे. संपली आज."

"संपली? पातेलं भरलंय की!"

"तुझ्या बायकोला सांग करायला. जा."

खाणकामगारांना आपीशिवाय परत पाठवणारी ती, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. फोर्तुनातोला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं बोललो. ती त्याला घरी घेऊन गेली, तळच्या वस्तीत, तिथं पायऱ्या नाहीत. ट्रंक उघडली. घड्या केलेल्या घागऱ्यांखालून एक फडकं काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं उघडलं. सिकू. त्यानं नळ्या मोजल्या. परत मोजल्या.

"सात आहेत."

"हो."

"हा साबिनोचा आहे. कडेला त्यानंच दोरा गुंडाळलाय हा. प्रिमी, मग त्याच्या हातात काय दिलंस?"

तिनं हॅट काढली, मांडीवर ठेवली. बाहेरच्या माणसासमोर ती हॅट काढत नाही. "तुझा जुना. तू नवा घेतलास तेव्हा फुटक्या तोंडाचा इथं टाकून गेला नव्हतास का? साबिनोनं तो जपून ठेवला होता आपल्या मफलरीत. मला वाटलं मफलर त्याची म्हणजे सिकू त्याचा. उघडून बघितलं नाही. डोळ्यांना दिसत नव्हतं काही त्या दिवशी. आठव्या दिवशी कपडे धुवायला काढले, तर हा त्याच्या कोटात."

फोर्तुनातो बघतच राहिला. मग त्याला हसू आलं. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसू, शेवटी तिनं पाठ चोळली तेव्हा थांबला.

"सदतीस वर्षं माझ्यामागं चालला! आणि आता तिथं सहा नळ्या घेऊन बसलाय बिचारा. त्याला पहिला सूर कुठं माहीत आहे? पहिला कायम माझा असायचा!"

"हसू नको, दादा." ती रडत होती. "तुला हसायला येतंय. नोव्हेंबरात तो येईल, दुपारी बाराला, मी मांडलेल्या मेजावर बसेल, पावाची बाळं खाईल, आणि मला विचारेल की हे काय दिलंस मला. मी काय सांगू? सहा महिने मला झोप नाही."

"तो कुठं बोलतो? जिवंतपणी कधी बोलला नाही."

"म्हणूनच. नुसता बघेल."

फोर्तुनातोनं तो आर्का फडक्यात गुंडाळायला घेतला, तर ती म्हणाली, "मला येतं."

"काय येतं?"

"हे. सगळं नाही. तिसऱ्या पाळीचं येतं. एकतीस वर्षं ऐकलंय ना बटाटे सोलताना. आणि हा सापडल्यापासून रोज गाडी बंद करून आले की फुंकते. त्याची माफी मागायला म्हण. दुसरं काय करू?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग इरा आणायला म्हणून अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून गेला, आणि परत आला, आणि त्यात अकरा वाजले. तिच्या स्वैपाकघरात बसले, तो त्याच्या जागेवर, ती साबिनोच्या जागेवर. त्यानं पहिला सूर दिला. दुसरा आला. जिथं साबिनोचा यायचा तिथंच, थोडा कच्चा, थुंकी जास्त, पण तिथंच. फोर्तुनातोनं श्वास घेतला. सहा महिन्यांत छातीला पहिल्यांदा आपली जागा मिळाली. ते अडखळायचं ठिकाण आलं तिथं ती पण बरोबर अडखळली.

वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "ताफ्यात बाईच्या हातात सिकू देत नाहीत."

"ताफ्यात कोण जातंय? तुझ्या पोराच्या त्या रेकॉर्डिंगच्या डब्यात जायचंय."

"लोक बोलतील."

"लोकांना आज आपी मिळाली नाही, ते तेच बोलतायत."

शनिवारी दोघं ओरुरोला गेली. प्रिमितिवा सणाची शाल, तीन घागरे, दोन वेण्या आणि हॅट, अशी त्या टायरच्या दुकानामागच्या खोलीत शिरली, आणि काळे टी-शर्ट घातलेली सगळी पोरं एकदम उभी राहिली, शाळेत बाई आल्यासारखी. जाड्याच्या टी-शर्टवर कवटी होती. ती म्हणाली, "हे कोण, तुझे वडील?"

मग हेडफोनचं झालं. हेडफोन हॅटवरून बसेना. ग्रोवेर म्हणाला, "काकू, हॅट काढावी लागेल."

"नाही काढणार."

"पण ठेका ऐकायला लागतो ना. मशीनमध्ये टिक टिक वाजतं, एका मिनिटाला एकशे नव्वद. त्याच्यावर वाजवायचं."

"कुणाच्या मागं लागलाय तो? एकतीस वर्षं मी बटाट्याच्या सुरीनं ठेका धरलाय, कधी चुकला नाही."

ग्रोवेरनं लिंबेर्तकडं बघितलं. लिंबेर्त बापाकडं बघत होता. बाप दारातून आत येईपर्यंतच दोनदा टेकला होता, त्यानं ते बघितलं होतं. तो म्हणाला, "टिकटिक बंद कर. या दोघांना आधी वाजवू दे. आम्ही नंतर त्यांच्यावर वाजवू, त्यांच्या वेगानं."

जाड्या ओरडला, "अरे, मी तीन महिने पायाला वाळूच्या पिशव्या बांधून सराव केलाय!"

"पिशव्या सोड मग. हलकं वाटेल."

गिटारी पण सिकूला जुळवून घेतल्या, बोरू काही गिटारीला जुळणार नव्हता. मग सगळे बाहेर काचेपलीकडं गेले. आत दोघं, समोरासमोर, मध्ये एक माइक. फोर्तुनातोनं दम टिकावा म्हणून गालात कोकाची पानं धरलेली. त्यानं मान हलवली आणि सुरू केलं.

चाल तीनदा फिरवायची असते. पहिला फेरा चांगला झाला. दुसऱ्यात त्याच्या कपाळावर घाम आला, त्या खोलीत थंडी होती तरी. तिसऱ्यात, अडखळायच्या ठिकाणाच्या जरा पुढं, त्याची पाळी आली आणि श्वासच नव्हता. ओठ नळीवर, आणि काही निघालं नाही. नुसती हवा, ती पण ऐकू येईल न येईल अशी.

प्रिमितिवानं तो सूर वाजवला नाही. तिला येत होता तो, सहज आला असता. पण तिनं हनुवटी जरा वर केली आणि थांबली, त्याच्याकडं बघत. आर्कावाला इराचा सूर उचलत नाही, मग काही होवो. एक सूर रिकामा गेला. मग तिनं तिचा दिला. मग त्यानं पुढचा पकडला, आणि शेवटपर्यंत नेलं.

संपलं तेव्हा तो मटकन खाली बसला. काचेपलीकडं कुणी हललं नाही.

ग्रोवेर आत आला. "एकदम मस्त, काका. तो एक सूर राहिला तेवढा मी दुसऱ्या फेऱ्यातून उचलून बसवतो. कुणाला कळणार पण नाही."

प्रिमितिवा म्हणाली, "हात लावशील तर बघ."

"पण काकू, भोक पडलंय तिथं."

"पडू दे. तो तिथं होता म्हणून पडलंय. मशीनचा माणूस असता तर पडलं असतं का?"

लिंबेर्त म्हणाला, "राहू दे." आत येऊन बापाला हात देत परत म्हणाला, "ग्रोवेर, राहू दे ते."

पुढं त्यांनी त्याच्यावर सगळं चढवलं, ड्रम, गिटारी, तो गाणारा, तो घशातून खरडणारा पण. तिसऱ्या फेऱ्यात ते ठिकाण येतं तेव्हा सगळे मिळून थांबतात. तेवढा एक सूर कुणीच वाजवत नाही, जाड्यासुद्धा. मग सगळे परत एकदम आत येतात. सप्टेंबरच्या शेवटी अल्बम आला. फिनलंडहून का कुठून तरी एकानं लिंबेर्तला लिहिलं की तुमच्या आठव्या गाण्यात फाइल खराब झालीय, दुरुस्त करून टाका. लिंबेर्तनं ते बापाला वाचून दाखवलं. बाप म्हणाला, "त्याला लिही, खराब माणूस झालाय. दुरुस्त होत नाही."

त्यानं अल्बम पुरा एकदाच ऐकला. आठवं गाणं दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना आर्काच्या जागी श्वास घेत होता, नाकानं, हळू हळू, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

ऑक्टोबरात तो अंथरुणाला लागला. पायऱ्यांचा प्रश्न मिटला, म्हणायचा. प्रिमितिवा रोज आपी वर घेऊन यायची, आता तीच धापा टाकत. एके दिवशी तो तिला म्हणाला, "माझ्या हातात कुठला देणार आहेस?"

"गप बस."

"सांग की. ऐन वेळी परत गोंधळ घालशील."

"तुझा तुला. सहा नळ्यांचा."

"नको." जरा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "सहाचा साबिनोकडं आहे. दोघांकडं इरा असून काय करणार आम्ही तिथं, भांडणार? मला साताचा दे."

"तुला आर्का येत नाही, दादा. तू श्वास घेतोस तिथं."

"तिथं श्वासाचं काय काम आहे?" मग म्हणाला, "दमलोय गं मी पुढं चालून. पुढच्याला पहिला सूर द्यावा लागतो, मागनं उत्तर आलं नाही तरी. आता तो चालू दे. मी येतो मागनं."

"त्याला पहिला सूर माहीत नाही म्हणून हसत होतास."

"आठ महिने झाले. शिकला असेल."

ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला सकाळी गेला. सणाला आठ दिवस उरलेले.

पेटी घराच्या दारात ठेवली होती, ताफ्यातले सगळे आलेले, खाणीतले आलेले, आणि ती काळ्या टी-शर्टची पोरं, जाड्या रडून लाल झालेला. प्रिमितिवानं फडकं आणलं. सगळ्यांसमोर उघडलं. ताफ्याचा म्होरक्या पुढं झाला, म्हणाला, "हा त्याचा नाही, हा तर आर्का."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि बोट ठेवून मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग लिंबेर्तला म्हणाली, "तू मोज." त्यानं पण मोजलं. मग जाड्याला मोजायला लावलं. त्याचे पण सातच आले. तेव्हा कुठं तिनं तो फोर्तुनातोच्या हातांखाली ठेवला आणि झाकण लावा म्हणाली.

पेटी पायऱ्यांवरून उतरवताना उचलणाऱ्यांनी दर बाराव्या पायरीवर थांबून खांदे बदलले. ठरवून नाही, वजनच तेवढं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तिनं मेज दोघांसाठी मांडलं. पावाची बाळं, त्यांना वरून उतरायला पावाची शिडी, ऊस, चुन्यो, आपीचं पातेलं, आणि दोन पेले. दार उघडं ठेवलं. बरोबर बाराला लिंबेर्तनं आठवं गाणं लावलं, छोट्या स्पीकरवर, आवाज कमी करून. वारा आत येत होता, मेजावरचं कापड हलत होतं. तिसरा फेरा आला. ते ठिकाण आलं आणि सगळं थांबलं.

प्रिमितिवानं हनुवटी वर केली आणि दाराकडं बघत थांबली.

मग सूर परत सुरू झाले. लिंबेर्त म्हणाला, "आत्या, आपी खाली लागतेय." तिनं पळी उचलली आणि ढवळायला लागली.